पनवेल ते खंडाळे: एका काट्याचे चार दिवस

पनवेलहून अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायला दोन तास लागतात. मला चार दिवस लागले. परत आल्यावर कराडात जो भेटला त्यानं "म्हणजे बोरघाटातला खंडाळा ना?" असं विचारलं, आणि प्रत्येकाला "नाही हो" म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगत बसले. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून काढते. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी वाचावं, आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी दोनदा वाचावं.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका. मला नकाशा वाचता येतो, गाडी चालवता येते आणि राग पटकन येतो. गाडी मूळची बाबांची. सोळा वर्षांची आहे. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ती मीच चालवते.

हा प्रवास रूबेनकाकांसाठी होता. मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही पनवेलला एका चाळीत राहायचो आणि काका आमच्या समोरच्या खोलीत. बाबा टेलिफोन खात्यात, काका शाळेत गणिताचे मास्तर. मग बाबांची कराडला बदली झाली. काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पिढ्यान्‌पिढ्या इतके इथले की रागावले तर शिव्यासुद्धा रायगड जिल्ह्यातल्याच देतात. त्यांच्या आळीतली माणसं एकेक करून इस्रायलला गेली. काका मात्र जागचे हलले नाहीत. आता काका ब्याऐंशी वर्षांचे. त्यांची मुलगी लिली तिकडे आपल्या मुलाकडे कायमची निघाली होती आणि काकांना मागे एकटं ठेवणं शक्य नव्हतं. मंगळवारी पहाटेचं विमान होतं.

त्याआधी काकांना खंडाळ्याला जायचं होतं. तिथे एक खडक आहे. त्यांचा प्रेषित एलियाहू हन्नबी रथातून स्वर्गात जाताना तिथे टेकला आणि चाकाची खूण खडकावर उमटली, अशी त्यांची श्रद्धा. तिथे जाऊन मलिदा करायचा. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, बेदाणे, आणि सोबत पाच फळं. त्यावर हिब्रूत आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांनी खायचं.

"माझा एक जुना नवस आहे," काका फोनवर म्हणाले. "त्याचा निकाल लावल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. आणि जाईन तर शंकरच्याच गाडीनं."

शंकर म्हणजे माझे बाबा. लिलीनं टॅक्सी सुचवली, एसटी सुचवली, शेजाऱ्यांची एसी गाडी सुचवली. काका बधेनात. का, असं विचारलं तर "मी सांगतो म्हणून" हे गणिताच्या मास्तरांचं ठरलेलं उत्तर आलं. मी गुरुवारी संध्याकाळी पनवेलला पोचले.

शुक्रवार: कर्नाळ्याची खिंड

सकाळी काका जिना उतरून आले. मे महिना, पनवेलचा दमट उकाडा, आणि हे लोकरीच्या निळ्या थ्री-पीस सुटात, टाय लावून, डोक्याला काळी टोपी घालून.

"काका, वितळाल."

"एलियाहूसमोर काय बनियनवर जाऊ?" असं म्हणत ते पुढच्या सीटवर बसले, मांडीवर मलिद्याचा डबा घेतला आणि दार लावायच्या आधी एसी चारवर केला.

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो. शिरढोण मागे पडलं. डावीकडे... नाही, उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागला. भूगोलाच्या बाईंनी दिशा चुकवली याचं कारण असं की तेव्हा माझं लक्ष सुळक्याकडे नव्हतंच. ते डॅशबोर्डवरच्या काट्याकडे होतं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते: इंजिन किती तापलंय हे दाखवणारा हा काटा असतो. तो मध्यावर असला की सुख. तो तांबड्या पट्ट्यात गेला की गाडी बाजूला घ्यायची, नाहीतर इंजिनाचा निकाल लागतो. सोळा वर्षं मध्यावर बसून राहिलेला आमचा काटा खिंडीच्या चढावर ऐटीत वर चालला होता.

गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. आमच्या कराडात बॉनेट उघडलं तर लोक शेजारून निघून जातात. मदतीला बोलवतील अशी भीती असते. पनवेलकडचे लोक गाड्या थांबवून उतरतात. पाच मिनिटांत एक टेम्पोवाला, दोन मोटरसायकलवाले आणि ताडगोळे विकणारी एक बाई एवढं मंडळ जमलं. प्रत्येकानं निदान केलं, आणि ते मला न सांगता काकांना सांगितलं, कारण सुटात काका होते. काकांना गाडीतलं इतकंच कळतं की तिला चार चाकं असतात. पण ते प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत होते.

"पानी संपला असल," टेम्पोवाला म्हणाला. पाणी भरलेलं होतं.

"फॅन बंद असल." फॅन फिरत होता.

"उनात कोन नाय तापत?" ताडगोळेवाली म्हणाली. पूर्ण चार दिवसांत ऐकलेलं सर्वांत समजूतदार मत हेच, हे मला नंतर कळलं.

टेम्पोवाल्यानं सांगितलं, एसी बंद करा आणि मागं फिरा, पुढं वडखळपर्यंत गाडी बंद पडली तर सावलीला झाड नाही. शुक्रवार होता. सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ सुरू, म्हणजे मग प्रवास नाही. धोका पत्करण्यात अर्थ नव्हता. ओलं खोबरं घातलेले पोहे उन्हात टिकणार नव्हते, म्हणून काकांनी रस्त्यातच डबा उघडला.

"काका, हा नवसाचा ना?"

"आशीर्वाद म्हटला नाही तोवर ते नुसते गोड पोहे असतात," ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याच्या हातावर मूठभर ठेवले. ताडगोळेवालीनं बदल्यात आम्हाला सहा ताडगोळे दिले. परत येताना एसी बंद होता. काटा मध्यावरून जराही ढळला नाही. मी म्हटलं, चढ नाही म्हणून.

शनिवार: पनवेल

शनिवारी काका वाहनात बसत नाहीत, म्हणून मी एकटीच गॅरेजला गेले. गॅरेज बाळारामचं. मूळचा गव्हाणचा, आगरी, पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि आवाज उरणपर्यंत जाणारा.

"सायब कुठं हायेत?" त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"साहेब नाहीत. गाडी माझी आहे."

"मंग डायवर?"

"मीच."

त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. आमच्याकडे मेकॅनिक "बघतो" म्हणतो आणि बघत नाही. पनवेलचा मेकॅनिक बघायच्या आधीच सांगतो. बाळारामनं लांबूनच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातली मुख्य सीलची पट्टी, गेल्याचं जाहीर केलं. मग आत बसला आणि हात पहिला गेला तो एसीच्या बटणाकडे.

"गारी चेक कराची तं पयला एसी बंद. फालतूचा लोड नाय पायजे."

हा त्याचा नियम होता. त्याच्या वडिलांचाही हाच होता, असं त्यानं सांगितलं. वडिलांच्या काळात गाड्यांना एसी कुठून आला, हे मी विचारलं नाही. तासभर इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर. मग तळोज्यापर्यंत चक्कर मारायची ठरली. गाडीत बाळाराम, मी, स्वतःची स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघणारी दोन गिऱ्हाइकं, आणि एक रिक्षावाला, ज्याचं गॅरेजमध्ये काहीच काम नव्हतं. कारखान्यांच्या वासाच्या बाजूनं गेलो, ट्रेलरांच्या मागे अर्धा तास अडकलो. पाच जण श्वास रोखून काट्याकडे बघत होते. काटा जागचा हलला नाही. मला आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. पोराला डॉक्टरकडे न्यावं आणि तिथे त्यानं खोकूच नये, तसं झालं.

परतल्यावर बाळारामनं स्टुलावर बसून विचार केला.

"काल गारीत कोन कोन व्हता?"

"मी आणि काका."

"आज काका नाय. आज काटा नाय हालला." त्यानं दोन्ही हात पसरले. "ताई, मी वीस वर्सा गारीचा काम करतंय. गारीला कायच झालेला नाय. बाबा बसला की तापते."

रिक्षावाला म्हणाला, वजनामुळे असेल. मी म्हटलं, काकांचं वजन अठ्ठेचाळीस किलो आहे, आज गाडीत त्याच्या सातपट वजन होतं. मग वजनाचा मुद्दा मागे घेण्यात आला, पण काकांवरचा आरोप कायम राहिला.

जाता जाता बाळारामनं इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाकायची तयारी दाखवली. "हा थंड देशातला पार्ट हाय. आपल्याकरं लागत नाय." मी पस्तीस वर्षं हवामान शिकवलंय, त्याला हात लावू दिला नाही. मग त्यानं दुसरा उपाय दिला. "उद्या खिंडीतून जाऊच नका. आमच्या गव्हानवरून चिरनेरला जा, तिथून आतल्या रस्त्यानं खारपारा. आनि काटा हालला ना, की एसी नाय, हीटर लावाचा. फुल. इंजिनाची गरमी आत वढून घेतो, इंजिन थंड."

हा सल्ला शास्त्राला धरून आहे, हे मी नंतर पडताळून पाहिलं. खरंच तापलेल्या इंजिनासाठी तो उत्तम आहे.

संध्याकाळी बिल्डिंगच्या वॉचमननंही मदत केली. करोनातलं कपाळाला लावायचं तापाचं बंदुकयंत्र त्याच्या ड्रॉवरमध्ये होतं. ते त्यानं इंजिनावर रोखलं. आकडा न येता ते नुसतं किंचाळलं. मग खात्रीसाठी त्यानं गॅलरीतून बघून खाली आलेल्या काकांच्या कपाळावर रोखलं. साडेछत्तीस. "बाबा नॉर्मल हायेत," त्यानं सगळ्यांना सांगितलं.

शब्बाथ संपल्यावर काकांनी विचारलं, मेकॅनिक काय म्हणाला. मी हसत हसत सांगितलं. मला वाटलं तेही हसतील.

ते हसले नाहीत. भिंतीवरच्या एलियाहूच्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसले. पांढरी दाढी, रथ, घोडे, ज्वाळा.

"बरोबर बोलला तो," काका म्हणाले. "त्याला मी यायला नकोय."

"कोणाला?"

"ह्याला." त्यांनी चित्राकडे बोट केलं.

रविवार: गव्हाण आणि चिरनेर

लिलीनं पहाटे दुसरा मलिदा केला. काका परत सुटात. या वेळी एसी लावायचा नाही असं मी बजावलं होतं. खिडक्या उघड्या ठेवून निघालो. उलव्याच्या बाजूची नवी बांधकामं, मग खाडीकाठचं खाजण, मधूनच खारफुटी. काटा मध्यावर. मी मनात बाळारामला आशीर्वाद देत होते.

गव्हाणच्या फाट्यावर वळायचं म्हणून इंडिकेटर दिला, आणि काटा नाचायला लागला. टक म्हटलं की वर, टक म्हटलं की खाली. इंडिकेटरच्या तालावर. मी पाहिलं, काकांनी पाहिलं.

"सुमे, हालला!"

"हीटर!" मी ओरडले आणि हीटर फुल केला.

गाडीत मे महिन्यात हीटर कसा असतो हे शब्दांत सांगता येणार नाही. खिडक्या उघड्या असूनही पायांवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा येत होती. आणि काटा, जो हीटरमुळे उतरायला हवा होता, तो दणक्यात तांबड्यात गेला. मी हीटर आणखी वाढवायला गेले तर तो आधीच शेवटच्या आकड्यावर होता. थांबलो. इंजिन बंद. वीस मिनिटं वाट पाहिली. चालू केलं, काटा मध्यावर. निघालो, भीतीनं हीटर परत लावला, काटा परत तांबड्यात. असं तीनदा झालं. बाजूनं जाणाऱ्या बसमधले लोक घामानं निथळणारा सुटातला म्हातारा आणि त्याच्या शेजारी स्टिअरिंगवर मूठ आपटणारी बाई बघून हात करत होते.

काका कोट काढेनात. शेवटी चिरनेरच्या अलीकडे त्यांनी टाय सैल केला, आणि मला भीती वाटली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ते बोलत नव्हते. माणूस मंगळवारी विमानात बसणार, त्याला मी रविवारीच शिजवत होते. गावात पहिलं घर दिसलं तिथे गाडी थांबवली.

घरातल्या बाईनं एक प्रश्न विचारला नाही. काकांना ओटीवर बसवलं, कोट काढून खुंटीला लावला, वारा घातला, गुळाचं पाणी दिलं. मग जेवल्याशिवाय सोडेना. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण. काकांनी हात जोडले.

"आमच्यात कोळंबी चालत नाही."

"उपास हाय?"

"नाही. ज्याला खवले नाहीत ते आम्ही खात नाही."

तिनं कालवणात डोकावून बघितलं, जणू आज तरी कोळंबीला खवले फुटले असतील. "मंग आंब्याचा लोनचा खा. त्याला पन खवले नाय, पन तो मासा पन नाय."

काका त्या दिवसात पहिल्यांदा हसले. लोणचं-भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवसाचा मलिदा त्या घरात, शेजारच्या तीन घरांत आणि हुतात्म्यांच्या स्मारकापाशी खेळणाऱ्या पोरांत संपला. काकांनी स्मारकापाशी जाऊन टोपी नीट केली आणि उभे राहिले. जंगल सत्याग्रहाचा धडा त्यांच्या शाळेतल्या पोरांना तोंडपाठ असायचा, म्हणाले.

गाडीत बसताना ते म्हणाले, "सुमे, घरी चल. आता पुरे. एकदा झालं ते निमित्त. दोनदा झालं तो नकार. माणसानं नकार समजून घ्यावा."

"काका, गाडी बिघडलीय. एलियाहूचा काय संबंध?"

"मग मी नसताना का नाही बिघडत?"

मला इतका राग आला की मी हीटरच्या बटणावर चापट मारून तो बंद केला आणि पनवेलपर्यंत काट्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं तिथेच कळलं असतं. बघितलं नाही, कारण माझा स्वभाव.

सोमवार: पुन्हा पनवेल, आणि पुढे

काकांनी मलिदा करू नको म्हणून सांगितलं होतं. लिलीनं तरी केला. "नारळ फोडून झालाय," एवढंच म्हणाली आणि बॅगा भरायला गेली. तिचे डोळे सुजलेले होते. काका सदरा-लेंग्यात खिडकीशी बसले होते. सूट हँगरला होता.

मी खाली गाडीपाशी गेले. आठ वाजायचे होते. तळमजल्यावरचा मुनाफ रात्रपाळी करून डबा हलवत येत होता. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात तो मीटर सांभाळायचं काम करतो. तापमानाचे, दाबाचे, पातळीचे, शेकडो काटे. तीन दिवस रात्रपाळी असल्यामुळे बिल्डिंगमध्ये गाडीवर मत न दिलेला तो एकटाच उरला होता.

"आंटी, काय प्रॉब्लेम चाललाय? वॉचमन म्हणतो काकांमुळे गाडी तापते."

मी सगळं सांगितलं. त्यानं बॉनेट उघडलं नाही. चार दिवसांत बॉनेट न उघडणारा पहिला माणूस. डबा खाली ठेवला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चालू करा. इंजिन आत्ता थंड आहे ना? रात्रभर उभी आहे?"

"हो."

"मग काटा खाली पाहिजे. आहे खाली. आता एसी लावा. चारवर."

लावला. थंडगार इंजिनाचा काटा झटक्यात अर्ध्यावर आला.

"बंद करा." काटा खाली. "हेडलाइट." वर. "वायपर." आणखी वर. "इंडिकेटर." टक वर, टक खाली. त्यानं हात मागे घेतले. "इंजिन बिचारं साफ बेकसूर आहे. काटा झूठ बोलतोय. आमच्याकडे पहिलं हेच शिकवतात. काट्यानं काही सांगितलं की आधी काट्याची तब्येत बघायची, मग मशीनची."

मग सगळं माझ्या डोक्यात धडाधड बसत गेलं. काका बसले की उकडतं म्हणून एसी लागतो. बाळाराम बसला की पहिला एसी बंद. आणि काटा हलला की हीटर, म्हणजे परत एसीचाच पंखा, म्हणजे काटा आणखी वर. आम्ही औषध म्हणून रोगच पाजत होतो.

मुनाफनं डॅशबोर्डखाली, माझ्या पायाशी डोकं घातलं. तिथे अर्थिंगची एक काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टनं कसलेली असते. पंखा, दिवे, काटे, सगळ्यांची वीज त्या एका वाटेनं परत जाते. बोल्ट गंजून सैल पडला होता आणि रोजच्या धक्क्यांनी आणखी सैल होत होता. वीज जास्त झाली की परतायला वाट पुरत नव्हती आणि काट्याला भलताच धक्का बसत होता.

"इथे पाणी कुठून येतं, आंटी?"

दर पावसाळ्यात मी ओली छत्री तिथेच ठेवते. अकरा वर्षं.

त्यानं बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासला, कसून लावला. एवढ्यात बाळाराम स्कूटरवरून चौकशीला आला. मुनाफनं त्याला सगळं लावून दाखवलं. काटा ढिम्म.

"मी पन तेच म्हनत व्हतो," बाळाराम म्हणाला. "गारीला कायच झालेला नाय."

आणि हे त्याचं वाक्य शब्दशः खरं होतं, त्याला मी काय करू?

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. "काका, नकार नाहीये. अर्थिंग आहे." त्यांना पटेना. मुनाफला वर बोलावलं. मुनाफनं गणिताच्या मास्तरांना फळा नसताना हातांनी सगळं सर्किट समजावलं. काकांनी तीन शंका काढल्या. तिन्ही फिटल्यावर ते उठले आणि सूट काढून घेतला.

कर्नाळ्याची खिंड एसी चारवर ठेवून चढलो. सुळका उजवीकडेच होता. पेण, वडखळ, पोयनाड. काका दर किलोमीटरला वाकून काटा बघत होते, आणि तो दर वेळी मध्यावरच होता. अकराच्या सुमारास खंडाळ्याला पोचलो.

खडक खरंच आहे. त्यावर चाकानं ओढल्यासारखी खूण आहे. आजूबाजूला झाडी, पक्षी, दुसरं कोणी नाही. काकांनी ताट मांडलं. आंबा, केळं, चिकू, सफरचंद, खजूर. टोपी नीट करून हिब्रूत आशीर्वाद म्हणायला लागले. मला एक शब्द कळत नव्हता, पण आवाज गणिताच्या तासाचाच होता. मग ते थांबले आणि खडकाशी मराठीत बोलायला लागले. हळू, पण मला ऐकू येत होतं.

"आलो. उशीर झाला. राग धरू नकोस, मीही सोडतो."

परत येऊन ते माझ्या शेजारी बसले.

"काका, नवस कशाचा होता?"

"तुझ्या बापाचा. बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी इथे पायी आलो होतो. म्हटलं, शंकरची बदली रद्द कर, मलिदा करीन."

"पण बदली तर झाली."

"झाली."

"मग नवस फेडायचा कशाला? त्यानं तुमचं ऐकलंच नाही."

"फेडायला नाही आलो. त्यानं ऐकलं नाही म्हणून मी त्याच्याशी भांडलो. पन्नासावर वर्षं झाली, इथे पाय ठेवला नाही. लग्न झालं, लिली झाली, तिची आई गेली. लोक इथे यायचे, मी नाही आलो." त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "शंकर म्हणायचा, गाडी घेतली की तुला मी घेऊन जातो आणि तुमचा समेट करून देतो. गाडी घेतली, पण मीच दर वेळी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. आता उद्या मीच पनवेल सोडतोय. विमान कंपनीवाले तेवीस किलो नेऊ देतात, सुमे. त्यात एवढा जुना राग कुठे बसवू?"

मी रडले, आणि रडताना लाज वाटली नाही.

काकांनी मलिद्याच्या वाट्या केल्या. एक स्वतःला, एक मला, एक लिलीसाठी झाकून ठेवली. मग आणखी एक भरली आणि माझ्या हातात दिली.

"ही शंकरची. त्यानं आणलं मला. तू खा."

मी दोन्ही वाट्या संपवल्या.